सहीसलामत

दांडी म्हटलं की पुष्कळांना १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह आठवतो. ती दांडी गुजरातेत, नवसारीकडची. मी सांगतोय ती आपल्या पालघर तालुक्यातली, बोईसर-तारापूर पट्ट्यातली, मच्छीमारांची दांडी. वारा उठलेल्या दिवशी बोट किनाऱ्याला लागली की बोंबील वाळत घालणारी बाई हातातलं काम टाकून शेजारणीला ओरडून सांगते, "आली गं बाय, सहीसलामत आली!"

अरबी शब्द मराठीत शिरले ते कचेरीच्या दारातून, असं आपण धरून चालतो. वकील, जप्ती, हुकूम, तहसील. हे खरं आहे, पण अर्धंच. ‘सहीसलामत’ घ्या. ‘सही’चं मूळ अरबी ‘सहीह’, म्हणजे निरोगी, धडधाकट, दोष नसलेला. आरोग्याला अरबीत ‘सिह्हा’ म्हणतात. उर्दूतली ‘सेहत’ तीच. कागदात खोट नाही, तो बरोबर आहे, हे मान्य केल्याची खूण म्हणजे आपली सही. ‘सलामत’ स-ल-म या मुळातला: अखंड, सुखरूप. त्या बाईच्या तोंडच्या शब्दाचे दोन्ही तुकडे असे प्रकृतीचेच आहेत.

अरबीतले बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. स्वर बदलले, पुढेमागे काही जोडलं, की एका मुळातून भावंडं निघतात. हुकूम सोडणारा हाकीम आणि नाडी बघणारा हकीम ही अशीच सख्खी भावंडं, दोन्ही ह-क-म मधली. या मुळाचा अर्थ निवाडा करणं, आवरून धरणं. घोड्याच्या तोंडाशी बसणाऱ्या लगामाच्या भागालाही याच मुळातलं नाव आहे. हकीम म्हणजे आधी शहाणा माणूस, वैद्य नंतर. आपण एखाद्याला ‘हिकमती’ म्हणतो, तेही याच घरातलं.

पण नुसत्या कानावर भरवसा ठेवला की फसगत होते. ‘तब्येत’ दाखवायची ती ‘तबीबा’ला, तेव्हा दोन्ही शब्द एकच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तबीब त-ब-ब मधला. तब्येतीच्या मुळात शेवटी ‘ऐन’ हे घशातून उच्चारायचं अक्षर आहे. मराठीत ते टिकलं नाही, म्हणून हा फरक दिसेनासा झाला. त्या मुळाचा अर्थ ठसा उमटवणं, छाप मारणं. अरबीत छापखान्याचं नावही त्यातूनच येतं. जन्मतः उमटलेला ठसा, स्वभाव, ती तब्येत. गवयाने ‘तब्येतीत’ गायलं असं आपण म्हणतो, तेव्हा हा जुना अर्थ अजून जिवंत असतो.

तसंच, आजारपणाच्या घरातलं सगळंच अरबी नाही. दवा आणि इलाज अरबी; जखम, आराम, दिलासा फारसी. ‘दवाखाना’ निम्मा अरबी, निम्मा फारसी. माधव जूलियन यांचा ‘फारशी-मराठी कोश’ १९२५ सालचा. त्यात अरबी शब्दही भेटतात, कारण ते आपल्याकडे मुख्यतः फारसीच्या हातूनच आले.

माझा सर्वांत लाडका शब्द ‘सबूर’. शिर्डीमुळे ‘सबुरी’ घरोघरी माहीत आहे, आणि ती केवळ मुकाट सोसणं आहे असा समजही तितकाच पसरला आहे. स-ब-र म्हणजे रोखून धरणं, स्वतःला आवरणं. आपण हात वर करून "सबूर!" म्हणतो, तो वापर मुळाच्या जास्त जवळ आहे. याच तीन अक्षरांत अरबीत कोरफडीचं आणि तिच्या कडू रसाचंही नाव आहे. तो रस आटवून वाळवला की आपला काळाबोळ होतो: काळा, चकाकणारा खडा, कणभर जिभेवर ठेवला तरी घशापर्यंत कडू. कडू औषध धीरानं गिळायचं म्हणून धीराला हे नाव पडलं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण नुसती अक्षरं जुळली म्हणून तेवढं सिद्ध होत नाही.

‘शिफा’ म्हणजे बरं होणं. राघिब इस्फहानी या जुन्या कोशकारानं तिचं नातं ‘शफा’शी, म्हणजे विहिरीच्या काठाशी, लावलं: बरं होणं म्हणजे सुखरूपतेच्या काठाला पोचणं. काठाचा हा अर्थ मला मनापासून आवडतो. तरी तो एका विद्वानानं लावलेला अर्थ आहे, शब्दाच्या जन्माचा दाखला नव्हे, हे सांगायलाच हवं.

कान आणखी एका ठिकाणी असाच फसतो: मोहरमच्या ‘ताजिया’चा ‘ताजा’शी काही संबंध नाही. ताजा फारसी, ताजिया अरबी ‘ताज़िया’, म्हणजे दुखवट्याला जाऊन सांत्वन करणं. इ.स. ६८० मध्ये करबला इथं मारल्या गेलेल्या हुसेन यांच्या शोकाचं ते नाव. आपल्या गावोगावी ताबुतापुढे हिंदू घरंही नारळ ठेवतात. ती सगळी माणसं एका अर्थी समाचारालाच आलेली असतात.

आता पुन्हा स-ल-म. साप चावलेल्या माणसाला जुने अरब ‘सलीम’ म्हणत, म्हणजे सुखरूप. अज्ञान नव्हे, शुभ बोलणं होतं ते. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो; दिवा विझवत नाही, ‘शांत’ करतो. दांडीच्या किनाऱ्यावर अंधार पडत आला आणि एक बोट अजून बाहेर असली, की त्या घरच्या बाईजवळ बसलेल्या बायका बोट दिसायच्या आधीच म्हणतात, "येतील गं, सहीसलामत येतील."