हुसेनसागरवर स्पीडबोट का आपटते? सगळा खेळ बुडाच्या आकाराचा

हैदराबाद : नांदेड, लातूर, बीदर, सोलापूरकडून हैदराबादला आलेलं कुटुंब चारमिनार, सालारजंग, बिर्ला मंदिर उरकून संध्याकाळी लुंबिनी पार्कच्या धक्क्यावर येतं, हे जवळजवळ ठरलेलंच. तिथं दोन पर्याय असतात. एक मोठी लाँच, जी सावकाश बुद्धमूर्तीच्या खडकापर्यंत नेऊन आणते. दुसरी छोटी स्पीडबोट, मोजकी माणसं घेऊन तळ्यात गरकन फेरी मारणारी. पोरं अर्थातच स्पीडबोटीसाठी हट्ट धरतात. हिवाळ्यात पाणी शांत असताना ही फेरी मजेची होते. जून-जुलैच्या वाऱ्यात मात्र तीच बोट, तेच इंजिन असूनही उतरताना कुणी कंबर धरलेली असते, तर कुणी ‘रिक्षा बरी’ असं म्हणत असतो. त्याच वेळी शेजारून गेलेल्या लाँचमधली माणसं निवांत शेंगा खात बसलेली दिसतात.

पाणी एकच, वारा एकच. मग फरक कुठं पडतो? बोटीच्या पाण्याखालच्या भागात, म्हणजे तिच्या बुडात. आणि हा नुसता कंबरेचा प्रश्न नाही. उजनीपासून गोदावरीपर्यंत आपल्या भागात लोक रोज छोट्या मोटारबोटींनी पाणी ओलांडतात. वारा सुटला की कोणती बोट काय करते, हे माहीत असलेलं बरं.

आधी लाट समजून घेऊ. हुसेनसागर हे काही समुद्र नव्हे. इब्राहीम कुतुबशहाच्या काळात, १५६२ साली बांधलेलं हे तळं. वाऱ्याला पाण्यावरून सलग धावायला मिळतं ते फार तर अडीच-तीन किलोमीटर. ताशी पंचवीस किलोमीटरचा वारा एवढ्या अंतरावर साधारण वीतभरच लाट उठवतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण खरी गोम उंचीत नाही, जवळिकीत आहे. समुद्रातली मोठी लाट लांबलचक असते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. तळ्यातली लाट आखूड असते, एका माथ्यापासून दुसरा माथा चार मीटरच्या आसपास. आणि छोट्या स्पीडबोटीची लांबीही चार-पाच मीटरच. म्हणजे बोटीचं नाक एका लाटेवर असतं तेव्हा शेपूट आधीच्या लाटेवर आणि मध्ये खड्डा. लाँच बारा मीटरची धरली तर ती एका वेळी तीन लाटांवर पसरते. एक उचलते तेव्हा दुसरी सोडते, आतल्या माणसाला काही कळत नाही. बैलगाडीचं चाक आणि सायकलचं चाक एकाच खड्ड्यातून न्यावं, तसं हे आहे.

आता वेगाचं पाहा. चार मीटरच्या लाटा स्वतः ताशी नऊएक किलोमीटरनं येत असतात. समोरून ताशी चाळीसनं जाणारी बोट त्यांना सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा भेटते. सेकंदाला तीन दणके! वेग वीसवर आणला तर दोन. मणक्याला हा फरक चांगलाच कळतो.

त्यात टँकबंडची भर. पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो आणि लाटा टँकबंडच्या दगडी बांधाकडे ढकलतो. बांधावर आपटलेली लाट तिथंच मरत नाही, थोडीफार परत फिरते. जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत घुसली की पाणी एका दिशेनं हलायचं सोडून जागच्या जागी उकळल्यासारखं उडतं. नेकलेस रोडच्या बाजूला पाणी गुळगुळीत आणि टँकबंडपाशी खळबळ, असं चित्र वाऱ्याच्या दिवशी दिसतं ते यामुळे. वाऱ्याच्या आडोशाला लाट जन्मायलाच जागा नसते.

सूर आणि पोटावर पडणं

विहिरीत पोहायला शिकलेल्या कुणालाही बुडाचं गणित वेगळं सांगावं लागत नाही. हात जोडून नीट सूर मारला तर पाणी फाटतं आणि माणूस अलगद आत जातो. तोच अंदाज चुकून पोटावर पडला की फटका असा बसतो की पोट लाल होतं. उंची तीच, वजन तेच, पाणी तेच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी पाण्याला बाजूला सरायला अवधी मिळाला आणि दुसऱ्या वेळी नाही.

सपाट बुडाची बोट प्रत्येक लाटेवर पोटावर पडते. ‘व्ही’ आकाराच्या बुडाची बोट सूर मारते. आधी मधली धार पाण्याला लागते, मग हळूहळू दोन्ही उतार. तोच जोर जरा जास्त वेळात विभागला जातो. मधल्या धारेपासून कडेपर्यंत बूड किती अंशांनी वर जातं, त्या कोनावर सगळं ठरतं. सपाट तराफ्याला शून्य अंश, साध्या फिरतीच्या बोटींना दहा-पंधरा, खवळलेल्या समुद्रासाठीच बांधलेल्यांना वीसच्या वर.

या धक्क्याचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला तो बोटीसाठी नव्हे, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी. १९२९ साली थिओडोर फॉन कार्मान यांनी विमानाच्या खालच्या तरंडांवर पाणी किती जोरानं आदळतं, याचं गणित केलं. बोटींत हा विचार गाजला १९६० मध्ये. अमेरिकेत मायामी ते नसाऊ या समुद्री शर्यतीत रे हंट यांनी आखलेली ‘मॉपी’ नावाची बोट उतरली. तिच्या बुडाचा कोन थेट मागच्या टोकापर्यंत चोवीस अंश ठेवला होता. तोवरच्या वेगवान बोटी पुढे टोकदार आणि मागे जवळजवळ सपाट असत. समुद्र खवळलेला होता, बाकीच्या बोटींना वेग कमी करावा लागला आणि ‘मॉपी’ जिंकली. तेव्हापासून खोल ‘व्ही’ हा शब्द बोटवाल्यांच्या तोंडी बसला.

मग सगळ्याच बोटी तशा का नाहीत? कारण फुकट काहीच मिळत नाही. खोल ‘व्ही’ बुडाला पाण्यावर उचलून धरायला जास्त ताकदीचं इंजिन लागतं, म्हणजे पेट्रोल जास्त. तिला खोली जास्त लागते, काठाच्या गाळात ती टेकते. आणि उभी असताना ती डुलते. प्रवासी एका बाजूनं चढले की कलते, बायाबापड्या ओरडतात. धक्क्यावर लोकांना सपाट बुडाची बोट जास्त भक्कम वाटते, कारण ती चढताना हलत नाही. हीच मोठी फसगत आहे. धक्क्यावरची भक्कम बोट लाटेत भक्कम असेलच, असं नाही. रुंद सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं. पाणी सपाट तर बोट सपाट. पण बाजूनं लाट आली आणि पाण्यालाच उतार आला, की तीही त्या उतारासारखी कलायला बघते.

म्हणून बहुतेक बांधणारे मधला मार्ग काढतात. पुढे धार तीक्ष्ण, मागे येता येता उतार कमी. पुढचा भाग लाट कापतो, मागचा भाग बोट उचलून धरतो. खालून पाहिलं तर बुडावर लांबीच्या दिशेनं उभट पट्ट्या दिसतात, कडेला एक ठळक कंगोरा असतो. त्या शोभेच्या नसतात. बुडावरून वर चढणारं पाणी त्या बाहेर फेकतात, थोडं उचलही देतात. हुसेनसागरचं पाणी तोंडावर उडू नये, यासाठी त्यांचे आभार मानायला हरकत नाही.

जोडबुडाच्या बोटी हा आणखी एक प्रकार. दोन अरुंद बुडं आणि वर फळी. अरुंद बूड लाट सहज कापतं आणि दोन बुडांतल्या अंतरामुळे बोट कलत नाही. पण लाट मोठी होऊन मधल्या फळीला खालून लागली, की दणका सपाट बोटीसारखाच. शिडाच्या शर्यतींत बचावासाठी बोटी ठेवतात (हुसेनसागरवर पावसाळ्यात हैदराबाद सेलिंग वीक भरतो), त्यासाठी जगभर पसंती असते ती खाली कडक ‘व्ही’ बूड आणि कडेनं हवेची रबरी नळी असलेल्या बोटीला. धार लाट कापते, आणि बोट कलली की नळी पाण्याला टेकून तिला धरते. पुरात दिसणाऱ्या साध्या रबरी बोटी यापेक्षा वेगळ्या. त्यांचं बूड सपाटच असतं, कारण तिथं गरज लाट कापायची नसते. गुडघाभर पाण्यात, गल्लीत, कुंपणावरून जायचं असतं.

रुपयातले बारा आणे

बूड तर बदलता येत नाही. मग चालवणाऱ्याच्या हातात काय उरतं? बरंच उरतं. डॅनियल सॅविट्स्की आणि वॉर्ड ब्राउन यांनी १९७६ मध्ये वेगवान बोटींना लाटांत बसणाऱ्या धक्क्यांचं जे सूत्र दिलं, त्यावरून सरळ हिशेब निघतो. बाकी सगळं तसंच ठेवून बुडाचा कोन दहावरून वीस अंश केला, तर धक्का सुमारे चतुर्थांशानं कमी होतो. रुपयात चार आणे. वेग मात्र निम्म्यावर आणला तर धक्का एक चतुर्थांशच उरतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे रुपयातले बारा आणे वाचले, आणि तेही एक पैसा न घालता! महागड्या बुडाच्या जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

तिसरी गोष्ट नाकाची. बोट नाक किती वर करून धावते, त्या कोनाच्या प्रमाणातही धक्का वाढतो. नाक जास्त वर असेल तर पुढची तीक्ष्ण धार हवेत राहते आणि मागचं सपाट बूडच लाटेवर आपटतं. मग पैसे मोजून घेतलेली धार काय कामाची? म्हणून समोरून लाटा असताना जाणता चालक इंजिनाचा कल बदलून नाक थोडं खाली आणतो, किंवा मागे बसलेल्या एक-दोघांना पुढे सरकवतो. मात्र वारा पाठीमागून असेल तर उलट. तेव्हा नाक जड ठेवलं की ते पुढच्या लाटेत रुततं, मागची लाट शेपूट बाजूला ढकलते आणि बोट आडवी होते. आडवी झालेली छोटी बोट हा खरा धोका. लाटा अगदी नाकासमोर न घेता थोड्या तिरप्या घेणं बऱ्याचदा मऊ पडतं, पण पूर्ण कुशीवर कधीच घेऊ नयेत.

कुठं बसावं, याचंही उत्तर यातच आहे. बोट लाटेवर डोलते ती मागच्या बाजूच्या एका बिंदूभोवती. सी-सॉसारखी. त्यामुळे सगळ्यात जास्त उडतो तो सगळ्यात पुढे बसलेला. नेमकी तीच जागा पोरांना हवी असते. वेगवान बोटीत पुढे बसलेल्या प्रवाशांच्या कंबरेच्या मणक्याला इजा झाल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेली आहेत. वयस्कर माणसं, पाठीचं दुखणं असलेले आणि गरोदर बायका यांनी वाऱ्याच्या दिवशी स्पीडबोटीच्या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी मध्य-मागे बसावं.

पण बुडाचा आकार कितीही चांगला असो, त्याच्यावर वजन कसं ठेवलंय हे त्याहून मोठं. याची आठवण हुसेनसागरच्या मधोमध उभी आहे. १० मार्च १९९० रोजी शेकडो टनांची बुद्धमूर्ती सपाट बुडाच्या भल्यामोठ्या तराफ्यावरून खडकाकडे नेली जात होती. सपाट आणि रुंद, म्हणजे कागदावर सगळ्यात स्थिर प्रकार. तरीही तोल गेला, मूर्ती तळ्यात गेली, सोबतच्या माणसांचे जीव गेले. मूर्ती बाहेर निघाली ती १९९२ च्या डिसेंबरमध्ये. सपाट बोट थोडी कलेपर्यंत जोरानं सरळ व्हायला बघते. एका मर्यादेपलीकडे कलली आणि वरचं वजन सरकलं, की मग तिला कुणी थांबवू शकत नाही.

छोट्या बोटीत हे सरकणारं वजन म्हणजे माणसं आणि आत आलेलं पाणी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. उजनीचा पसारा हुसेनसागरच्या कितीतरी पट. तिथं वाऱ्याला धावायला लांब रान मिळतं, लाट वीतभर राहत नाही. आत पाणी येऊ लागलं की ते कललेल्या बाजूला धावतं, बोट आणखी कलते, आणखी पाणी येतं. अशा वेळी घाबरून उभं राहणारा किंवा एका बाजूला धावणारा प्रवासी नकळत तेच करतो. खाली, मध्ये, बसून राहणं आणि हाताला लागेल त्यानं पाणी उपसणं, एवढंच त्या क्षणी उपयोगी पडतं.

बोटीत पाय ठेवण्याआधी दोन गोष्टी बघायला मिनिटही लागत नाही. सगळे बसल्यावर बोटीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो, ते पाहावं. समोरच्या लाटेच्या मानानं तो कमी वाटला, तर पुढच्या फेरीची वाट बघावी. दुसरं, लाइफ जॅकेट खांद्यावर टाकून फोटो काढण्यासाठी नसतं. त्याचे सगळे पट्टे आवळून बांधावे, लहान मुलाला त्याच्याच मापाचं मागून घ्यावं. मोठ्याचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. आणि बोट आपटायला लागली तर चालकाला ‘भैया, आहिस्ता’ म्हणायला लाजू नये. हैदराबादेत तेवढं हिंदी सगळ्यांना येतं.