म्हातारा कुत्रा आणि प्रतिकारशक्तीची डबी

कुत्र्याच्या तोंडावरचे केस पांढरे होऊ लागले, की घरात ‘अँटिऑक्सिडंट’ असं ठळक लिहिलेली डबी येते. प्रतिकारशक्ती वाढेल, आयुष्य वाढेल आणि नैसर्गिकच असल्यामुळे अपाय तर होणारच नाही, हे तीन समज डबीबरोबर फुकट मिळतात. तिन्ही कच्चे आहेत.

अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकल नावाच्या रेणूंना आवरणारे पदार्थ. फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू, ही समजूत जुनी. पेशींच्या श्वसनातून निघणारे हे चंचल रेणू पेशींना इजा करत राहतात आणि त्यातून म्हातारपण येतं, असं अमेरिकेतल्या डेनम हार्मन यांनी १९५६ साली मांडलं. कल्पना सुटसुटीत होती, बाजारात चांगलीच चालली. पण आफ्रिकेतल्या नेकेड मोल रॅटच्या शरीरात अशी इजा तरुणपणापासून भरपूर दिसते, आणि उंदराएवढा हा प्राणी तरीही ३० वर्षांहून अधिक जगतो.

शिवाय, जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचं हत्यारच मुळी हे रेणू आहेत. जन्मतः ज्यांच्या पेशींना ते तयार करता येत नाहीत, अशा मुलांना ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ होतो. जिवाणू आणि बुरशी त्यांची पाठ सोडत नाहीत. फ्री रॅडिकलचा समूळ नायनाट केला, तर पहिली लंगडी पडेल ती प्रतिकारशक्तीच.

मग सगळं थोतांडच म्हणायचं का? तसंही नाही. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात सिमिन मेदानी आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या खाद्यात किलोमागे ३० ऐवजी ५०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट घातलं. फ्लूची लागण केल्यावर या उंदरांच्या फुप्फुसांत विषाणू कमी सापडला. वय झालेल्या उंदराच्या मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे रसायन जास्त सोडतात आणि त्यामुळे संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी मंदावतात. ई जीवनसत्त्व तो स्राव आवरतं. म्हणजे फायदा आहे, पण तो वयानं बिघडलेल्या एका ठरावीक जागी.

जास्त दिलं की जास्त गुण, हेही टिकत नाही. १९९७ साली याच गटानं ६५ वर्षांवरील ८८ जणांना ई जीवनसत्त्वाचे वेगवेगळे डोस देऊन पाहिले. रोजच्या २०० मिलिग्रॅमचा परिणाम सर्वांत चांगला होता, ८०० मिलिग्रॅमनं त्यात भर पडली नाही. २००४ मध्ये वृद्धाश्रमांतल्या ६१७ जणांवर वर्षभर प्रयोग झाला. सर्दी कमी झाली, फुप्फुसांचे संसर्ग मात्र तसेच राहिले.

आयुष्य वाढवण्याच्या दाव्याची एक बरी चाचणी मांजरांवर झाली, ७ ते १७ वर्षांच्या ९० मांजरांवर. ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन यांच्याबरोबर चिकोरीचं मूळ आणि तेलंही मिळालेला गट जास्त जगला. नुसत्या अँटिऑक्सिडंटवर असलेल्या गटाला तसा ठोस लाभ दिसला नाही. डबीवर हा तपशील कोण छापणार!

‘नैसर्गिक’ या शब्दाची भुरळ सर्वांत घातक. कांद्यात क्वेर्सेटिन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट भरपूर असतं, पण त्याच कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. लसूणही त्याच जातीचा. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आवळ्याचा आग्रहही अनाठायी, कारण निरोगी कुत्रा-मांजर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. गाजराचं म्हणाल, तर त्यातल्या बीटा कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवणं मांजराला जमतच नाही.

खरी कमतरता मात्र वेळीच ओळखायला हवी. रोज नुसत्या तेलकट माशांवर वाढणाऱ्या मांजराला ई जीवनसत्त्व कमी पडून चरबीला सूज येऊ शकते. अंगाला हात लावला तरी ते कळवळतं. याउलट, चांगल्या प्रतीच्या तयार संतुलित खाद्यात ई जीवनसत्त्व आधीच घातलेलं असतं. त्यामुळे डबी विकत घेण्यापूर्वी म्हातारा प्राणी रोज काय खातो ते लिहून काढा, तो कागद पशुवैद्यांना दाखवा, आणि त्याच फेरीत त्याचं वजन, दात आणि राहिलेली लसही तपासून घ्या.