लाडात आलेली मनी चावते तेव्हा

रात्रीची जेवणं उरकलेली असतात, टीव्हीवर मालिका चालू असते आणि मनी मांडीवर ऐसपैस पसरलेली असते. तिची घुरघुर चाललेली, पाठीवरून हात फिरत असलेला. मधेच शेपटीचं टोक फटफट हलतं, एक कान आडवा होतो आणि पुढच्या क्षणी मनगटात दात रुततात. मनी पलंगाखाली पसार होते आणि मांडी देणारा माणूस रागाने म्हणतो, "मी काहीच केलं नाही हो, नुसतं कुरवाळत होतो!"

खरं तर त्या कुरवाळण्याचाच तिला कंटाळा आलेला असतो. बऱ्याच मांजरांना स्पर्श हवा असतो, पण थोडा वेळ आणि ठरावीक जागी. गाल, हनुवटी आणि कानांची मुळं या त्यांच्या आवडीच्या जागा. पोट आणि शेपटीचा बुंधा मात्र अनेकींना अजिबात खपत नाही. मांजर पोट वर करून लोळतं तेव्हा ते निर्धास्त असतं, एवढाच त्याचा अर्थ. पोट खाजवून द्या, असं ते सांगत नसतं. पुरे झालं की ते आधी कळवतंही. घुरघुर थांबते, पाठीची कातडी थरथरते, शेपटी आपटू लागते, बाहुल्या मोठ्या होतात. हे सगळं घडत असताना घरच्यांचे डोळे टीव्हीवर असतात, एवढंच.

लंडनच्या 'बॅटरसी डॉग्ज अँड कॅट्स होम' या आश्रयगृहात ब्रिटनच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. तिथल्या 100 मांजरांशी 120 माणसांनी आधी आपापल्या पद्धतीने ओळख केली. मग त्यांना थोडंसं प्रशिक्षण मिळालं: हात पुढे करा, जवळ यायचं की नाही ते मांजराला ठरवू द्या, त्याच्या हालचालींकडे लक्ष ठेवा आणि योग्य जागीच हात लावा. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रशिक्षणानंतर मांजरांचं चावणं-बोचकारणं कमी झालं आणि जवळीक वाढली. बदल फक्त माणसांच्या वागण्यात केला होता.

पण प्रत्येक चाव्यामागे हेच कारण नसतं आणि कारण चुकलं की उपायही चुकतो.

पिल्लाचं चावणं बहुतेक वेळा खेळ असतो. भावंडांशी झोंबताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू ओरडतं, खेळ मोडतो. आईही दटावते. दात किती लावायचा, याची शाळा तिथेच भरते. आपल्याकडे मात्र जिन्याखाली सापडलेलं पिल्लू डोळे उघडताच कुणाच्या तरी घरी जातं आणि ती शाळा बुडते. हेलसिंकी विद्यापीठाने 2017 साली फिनलंडमधल्या 5,700 हून अधिक मांजरांची त्यांच्या पालकांकडून मिळवलेली माहिती प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांच्या आत आईचं दूध तुटलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त आढळला. पिल्लं 14 आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवावीत, असं त्या संशोधकांनी सुचवलं. एकटं सापडलेल्या पिल्लाला आई मिळणं शक्य नसेल, तर त्याच वयाचं दुसरं पिल्लू सोबतीला आणल्याने पुष्कळ फरक पडतो.

त्यात भर घालतो तो घरातला हौशी माणूस. चादरीखाली बोटं हलवून तो पिल्लाला झडप घालायला शिकवतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचं ते चावणं गोड वाटतं, पण वर्षाच्या बोक्याने तेच केलं की हात रक्ताळतो. त्यामुळे हाताने किंवा पायाने खेळवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवा. काठीला दोरी आणि दोरीला पीस बांधलं की झालं खेळणं. खेळ संपला की ते कपाटात ठेवावं, कारण गिळलेली दोरी आतड्यात अडकून मांजराच्या जिवावर बेतू शकते. दात लागलाच तर हात हिसकू नये. पळणारी वस्तू म्हणजे शिकार, हे मांजराच्या रक्तातच आहे. हात सैल सोडून स्थिर ठेवावा, सुटला की मुकाट्याने उठून जावं.

पहाटे स्वयंपाकघरात जाणाऱ्याच्या घोट्यावर दाराआडून झडप घालणारी मांजरंही याच गटातली. पहाट आणि तिन्हीसांजा या मांजरांच्या शिकारीच्या वेळा. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये झोपा काढलेल्या मांजराला त्या वेळी हलणारं दुसरं काही दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं दमेपर्यंत खेळवावं आणि लगेच जेवण द्यावं. पाठलाग, झडप, खाणं, मग अंग चाटून झोप, हा मांजराचा क्रम त्याने पुरा होतो.

तिसरा प्रकार घरच्यांना सर्वात जास्त गोंधळात टाकतो. खिडकीत बसलेल्या मनीला समोरच्या छज्ज्यावर परका बोका दिसतो. ग्रिलमुळे तिला त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. ती फुगते, गुरगुरते, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी तिला उचलायला जातं. बोक्यावरचा राग मग उचलणाऱ्याच्या हातावर निघतो. असं बिथरलेलं मांजर शांत व्हायला कधी कधी कित्येक तास लागतात. तोवर त्याला उचलू नये, समजूतही काढू नये. पडदा ओढून, दिवा मालवून त्याला एकटं सोडावं.

घाबरलेलं मांजर मात्र आधी पळायला बघतं आणि पळायला वाट नसली की चावतं. पलंगाखाली दडलेल्या मनीला पाहुण्यांच्या मुलांना दाखवायला ओढून काढणं म्हणजे चावा मागून घेणं. कपाटाच्या वर एक जागा, कोपऱ्यात एखादं खोकं आणि तिथे गेल्यावर कुणीही हात लावणार नाही ही खात्री, इतकं तिला पुरतं.

वर्षानुवर्षं शांत असलेलं मांजर अचानक चावू लागलं, तर स्वभाव बदलला असं न म्हणता आधी दवाखाना गाठावा. मांजर दुखणं लपवतं. किडलेला दात, आखडलेले सांधे, कानातला संसर्ग यांवर चुकून हात पडला की ते दात दाखवतं. वयस्कर मांजरांमध्ये थायरॉइड वाढल्यानेही चिडचिड होते. घरातली वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नये. माणसांसाठीचं पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेऊ शकतं.

बोक्यांच्या मारामाऱ्या आणि रात्रीचं भटकणं नसबंदीने बरंच कमी होतं. चार ते सहा महिन्यांच्या वयात ती करून घेता येते. भीतीने किंवा खेळात होणारं चावणं मात्र त्याने जात नाही.

मारणं, मानगूट धरून झटकणं, तोंडावर पाणी उडवणं हे उपाय अजूनही सर्रास सुचवले जातात. त्यातून मांजर इतकंच शिकतं की या माणसापासून धोका आहे, आणि पुढच्या वेळी ते इशारा न देता चावतं. त्यापेक्षा एक वही घालावी. केव्हा चावली, कुठे, कुणाला आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढं पंधरा दिवस लिहिलं की नमुना दिसू लागतो. पशुवैद्यालाही ती वही उपयोगी पडते.

चावा मात्र हलक्यावारी घेऊ नये. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरचं छिद्र लगेच मिटतं आणि जंतू आत राहतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने 2009 ते 2011 या काळात हाताला मांजर चावलेल्या 193 रुग्णांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या 57 जणांना रुग्णालयात दाखल करावं लागल्याचं दिसलं. शिवाय भारतात रेबीज आहे आणि तो मांजरामुळेही होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. लस घ्यायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावं. मांजराला रेबीजची पहिली लस ते साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात आणि पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे द्यावे लागतात. मनीच्या लसीच्या कार्डावरची तारीख उलटून गेली असेल, तर बाकी कोणत्याही उपायाआधी तिला दवाखान्यात न्यावं.