हुकमी चढाईपटूने पकड करावी का?

मीरा-भाईंदरमध्ये आज उंच इमारतींची दाटी झाली असली, तरी राई, मुर्धे, उत्तन, काशी, नवघर ही जुनी गावे त्यांच्या मधूनमधून अजून नांदत आहेत. समजा, येथल्याच एखाद्या मैदानावर आंतरशालेय कबड्डीचा अंतिम सामना चालू आहे आणि तुमची शाळा त्यात खेळते आहे. तुमच्या संघात एक हुकमी चढाईपटू आहे. त्याला आपण ‘क्ष’ म्हणू. आतापर्यंतचे निम्मे गुण एकट्या ‘क्ष’ने आणले आहेत. प्रतिस्पर्धी चढाईला येतो, बोनस रेषेकडे पाय टाकतो आणि क्षणभर त्याची पाठ ‘क्ष’कडे होते.

‘क्ष’ने झेप घ्यावी का? बाहेरून सर ओरडतात, “तू थांब! कोपऱ्याला करू दे!” प्रेक्षकांतून आवाज येतो, “अरे, बघतोस काय? धर त्याला!”

दोघांपैकी खरे कोणाचे? हा प्रश्न निव्वळ मताचा नाही. थोडे शरीरशास्त्र, थोडे यंत्रशास्त्र आणि थोडे गणित घेतले, तर त्याची बरीच उकल होते. ती आपण करून पाहू.

एक झेप आणि एक वर्ष

प्रथम एक घडलेली गोष्ट. २०२२ साली प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामासाठी तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत या चढाईपटूला २ कोटी २६ लाख रुपये मोजून घेतले. तोपर्यंत या स्पर्धेत कोणत्याच खेळाडूला एवढी बोली लागली नव्हती. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी बंगळूरला संघाचा पहिला सामना गुजरात जायंट्सशी झाला. त्या सामन्याच्या पूर्वार्धात प्रतिस्पर्धी चढाईपटूला रोखायला पवन पुढे झाला आणि त्याचा गुडघा दुखावला. दुखापत चढाईत झाली नाही, पकडीत झाली हे ध्यानात ठेवा. उरलेला सारा हंगाम त्याला बाहेर बसून काढावा लागला.

असा प्रश्न दुसऱ्या खेळांतही पडतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याने दूरवर लाथाडलेला चेंडू झेलून, समोरून धावत येणाऱ्या खेळाडूंच्या गर्दीतून पळावे लागते. हे काम संघाच्या उत्तम बचावपटूला द्यावे का, यावर तिकडे नेहमी वाद होतो. न्यूयॉर्क जायंट्सचा नावाजलेला बचावपटू जेसन सेहॉर्न १९९८ च्या ऑगस्टमध्ये एका सरावसामन्यात असाच चेंडू घेऊन पळाला. त्याच्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले आणि त्याचे ते वर्ष गेले. उलट २०११ साली ॲरिझोना कार्डिनल्सचा बचावपटू पॅट्रिक पीटरसन याने एकाच हंगामात चार वेळा असा चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला. म्हणजे नुसती उदाहरणे मोजत बसलो, तर दोन्ही बाजूंना उदाहरणे सापडतात. म्हणून मुळाशी जायला हवे.

गुडघ्यात काय घडते?

गुडघा हा मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांचा सांधा. पुढे वाटी असते. ही हाडे एकमेकांत घट्ट बसलेली नसतात. ती मजबूत पट्ट्यांनी बांधलेली असतात. खेळाडूंच्या तोंडी त्यांना ‘लिगामेंट’ म्हणतात, पुस्तकात अस्थिबंध. सांध्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध सुमारे ३ सेंटिमीटर लांब असतो आणि आपल्या करंगळीहून जाड नसतो. नडगी पुढे सरकू न देणे आणि तिला आत पिळू न देणे, हे त्याचे काम.

आता पकडीकडे वळू. ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा चढाईपटू सेकंदाला ४ मीटर वेगाने मध्यरेषेकडे पळतो आहे आणि ‘क्ष’ने त्याला ०.२ सेकंदात थांबवले असे धरा. संवेगातील बदल ६० × ४ = २४०. त्याला ०.२ ने भागले की बल १,२०० न्यूटन येते. म्हणजे जवळजवळ १२० किलो वजनाचा भार! तीन खेळाडूंनी साखळी करून तो सारखा वाटून घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०० न्यूटन येतात. साखळी हा केवळ डाव नव्हे, ते भाराचे वाटप आहे.

तुम्ही म्हणाल, तरुण माणसाचा हा अस्थिबंध सरळ ताणला तर सुमारे २,००० न्यूटन सोसतो. मग १,२०० न्यूटनला तो का तुटावा? याचे उत्तर तुमच्या घराच्या दारात आहे. दाराच्या बिजागरीजवळच्या फटीत अक्रोड ठेवून दार लोटले की हातोडीशिवाय तो फुटतो. हात बिजागरीपासून लांब असतो, अक्रोड जवळ असतो. म्हणून हाताचे थोडे बल अक्रोडापाशी अनेकपट होते. नडगीचे हाड हे तसेच सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचे दार आहे. अस्थिबंध मात्र सांध्याच्या मध्यापासून फार थोड्या अंतरावर असतो. मॅटवर बूट घर्षणाने घट्ट रोवला गेला, पाऊल वळेना, आणि वरून बाजूने धक्का बसला, की सारा पीळ गुडघ्यावर येतो आणि तरफेचे गणित अस्थिबंधाच्या विरुद्ध जाते.

यात धक्का बसलाच पाहिजे असेही नाही. या अस्थिबंधाच्या बहुसंख्य दुखापती गुडघ्याला कोणाचा थेट धक्का न लागता होतात. खेळाडू झपकन दिशा बदलतो किंवा उडीनंतर पाय सरळ ठेवून टेकतो, आणि घात होतो. चित्रफितींच्या अभ्यासात असे आढळले आहे, की पाऊल टेकल्यावर सुमारे ४० मिलिसेकंदांच्या आसपास अस्थिबंध तुटतो. डोळ्यांनी पाहून स्नायू हलवायला आपल्याला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तेव्हा ‘ऐन वेळी सावरीन’ असे म्हणणाऱ्याला सावरायला वेळच नसतो. शरीर आधीच योग्य स्थितीत असावे लागते.

हा अस्थिबंध पूर्ण तुटला तर मोडलेल्या हाडासारखा आपोआप सांधेल असा भरवसा धरता येत नाही. पुन्हा असे खेळ खेळायचे असतील, तर बहुधा शरीरातलाच दुसरा स्नायुबंध घेऊन त्या जागी बसवतात. त्यानंतर मैदानावर परतायला साधारणपणे नऊ महिने ते वर्ष लागते. नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका अधिक असतो.

आता हिशेब मांडू

पुढचे आकडे मोजलेले नाहीत, समजण्यासाठी मानलेले आहेत. तुम्ही ते बदलून पाहायचे आहेत.

‘क्ष’च्या पकडी ५० टक्के यशस्वी होतात. कोपऱ्यातल्या खेळाडूला ‘य’ म्हणू. त्याच्या ४५ टक्के होतात. यश आले तर आपल्याला १ गुण, फसले तर समोरच्याला १ गुण. तेव्हा दर पकडीमागे ‘क्ष’ची सरासरी प्राप्ती ०.५० − ०.५० = ०; ‘य’ची ०.४५ − ०.५५ = −०.१०. म्हणजे ‘क्ष’ने पकड केली तर दर वेळी ०.१ गुणाचा फायदा. २० सामन्यांत, सामन्याला ५ प्रमाणे १०० पकडी झाल्या, तर फायदा १० गुण.

आता दुखापत. हजार पकडींत एकदा हंगाम संपवणारी दुखापत होते असे धरू. शंभर पकडींत एकदाही ती न होण्याची शक्यता ०.९९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.९०५. तेव्हा दुखापतीची शक्यता ०.०९५, जवळजवळ दहात एक. हजारात एक हा आकडा केवढासा वाटला होता! लहान धोका पुन्हा पुन्हा पत्करला की तो लहान राहत नाही.

‘क्ष’ सामन्यात २० चढायांत १० गुण आणतो, राखीव चढाईपटू ६ आणतो. येथे पुष्कळ जण चूक करतात आणि ‘क्ष’ गेला म्हणजे १० गुण गेले असे धरतात. वास्तविक तूट १० − ६ = ४ गुणांची. दुखापत सरासरीने हंगामाच्या मध्यावर झाली असे धरले, तर उरलेल्या १० सामन्यांत ४० गुणांची तूट. तिला शक्यतेने गुणा : ४० × ०.०९५ = ३.८.

फायदा १०, तोटा ३.८. म्हणजे प्रेक्षक बरोबर आणि सर चुकले?

थांबा, एक खर्च राहिला. कबड्डीत फसलेल्या पकडीनंतर पकड करणारा बाद होऊन बाहेर बसतो. आपल्या संघाने प्रतिस्पर्धी बाद केल्यावरच तो आत येतो. ‘क्ष’च्या १०० पैकी ५० पकडी फसणार. दर वेळी त्याची सरासरी एक चढाई हुकली असे धरा. दर चढाईला तो ०.५ गुण आणतो, राखीव ०.३. तूट ०.२. पन्नास वेळा ०.२ म्हणजे १० गुण. आता हिशेब असा : १० − १० − ३.८ = −३.८. सरांचे खरे ठरले. गंमत पाहा, मोठा तोटा दुखापतीने नव्हे, बाहेर बसण्याने झाला. दुखापतीने केवळ पारडे झुकवले.

मात्र हे उत्तर कायमचे नाही. ‘य’ची पकड कच्ची असेल, म्हणजे त्याला ३० टक्केच यश येत असेल, तर ‘क्ष’चा फायदा दर पकडीमागे ०.४ होतो आणि पारडे उलटे फिरते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले, तर यशस्वी पकडीला एक गुण अधिक मिळतो; तेव्हा आकडे पुन्हा बदलतात. शेवटच्या मिनिटाला बाहेर बसण्याचा खर्चही जवळजवळ शून्य असतो. म्हणून ‘हुकमी खेळाडूने पकड करूच नये’ हा नियम चुकीचा, आणि ‘मर्द असेल तर धरेल’ हाही चुकीचा. प्रश्न नेहमी असा विचारावा : हे काम दुसऱ्या कोणाकडून जवळजवळ तितकेच चांगले होईल का?

पवनच्या गोष्टीचा शेवटही येथे सांगायला हवा. त्याच्यावाचून थलायवाज संघ त्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि मुंबईत पुणेरी पलटणकडून ३९-३७ असा अवघ्या दोन गुणांनी हरला. त्याची जागा इतरांनी बरीचशी भरून काढली. पवनही सावरला, २०२३ च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. यावरून दुखापत क्षुल्लक ठरत नाही. तसेच त्याची ती झेप चुकीचीच होती, असेही एका परिणामावरून म्हणता येत नाही.

गुण संघाचे, गुडघा कोणाचा?

एवढ्या हिशेबात एक गोष्ट कोठेच आली नाही. आपण तोटा गुणांत मोजला. पण गुण संघाला मिळतात आणि गुडघा ‘क्ष’चा जातो. निर्णय सर, कर्णधार किंवा प्रेक्षक घेतात. त्याची किंमत मात्र एकटा ‘क्ष’ देतो.

व्यावसायिक खेळाडूमागे डॉक्टर असतात, व्यायामोपचार करणारे असतात, करार असतो. शाळेतल्या ‘क्ष’मागे बहुधा आई-वडील असतात. त्याला पुढे पोलीस भरतीत धावायचे असेल. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या सरकारी जागेची आशा असेल. नाहीच काही, तर भाईंदरहून सकाळच्या लोकलमध्ये उभे राहून कॉलेजला जायचे असेल. सरासरी ही शेकडो खेळाडूंच्या बाबतीत खरी असते. एका मुलाच्या बाबतीत गुडघा तुटतो किंवा तुटत नाही, ०.०९५ तुटत नाही. म्हणून शालेय सामन्यात एका गुणासाठी एकट्याने आंधळी झेप घेण्याचा हिशेब क्वचितच जमेल. दुखऱ्या गुडघ्याने खेळवण्याचा तर कधीच जमणार नाही.

मग खेळायचेच नाही का? तसे नव्हे. चढाईतही धोका आहेच, पण ते ‘क्ष’चे मुख्य काम आहे. पकडीत त्याने एकट्याने न घुसता साखळीत यावे, म्हणजे भार वाटला जातो. गुडघा किंचित वाकवून, तो पावलाच्या रेषेत ठेवून टेकण्याची सवय सर्वांनीच करावी. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने रूढ केलेला सुमारे २० मिनिटांचा सरावक्रम नियमित करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक कमी झाल्याचे आढळले आहे. मुलींना या अस्थिबंधाच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो, तेव्हा त्यांनी तर असा सराव चुकवू नये.

करून पाहा : तुमच्या शाळेच्या पुढच्या पाच सामन्यांत प्रत्येक खेळाडूच्या पकडी, त्यांतल्या यशस्वी पकडी आणि बाद होऊन बाहेर बसल्याने हुकलेल्या चढाया वहीत नोंदवा. ते आकडे वरच्या हिशेबात घाला. आपण एक गोष्ट मुद्दाम सोडली आहे : ‘य’ बाद झाला, तर बचाव किती दुबळा होतो? तो खर्चही मांडा. मग वही घेऊन सरांकडे जा. कदाचित त्यांचे खरे निघेल, कदाचित प्रेक्षकांचे. पण पुढच्या सामन्यात “धर त्याला” असे ओरडण्यापूर्वी तुम्ही एकदा ‘क्ष’च्या गुडघ्याकडे पाहाल.