निरोप्याची तार

मोटारींतील रेडिओचा आवाज तोकडा वाटूं लागला म्हणजे अंधेरी-घाटकोपरकडील हौशी मोटारवाला आसनाखालीं ध्वनिवर्धक बसवून घेतो. या यंत्रास विजेच्या तीन तारा लागतात. बॅटरीकडून येणारी जाड लाल तार व मोटारीच्या सांगाड्यास जोडावयाची जाड काळी तार या दोघी हमालणी होत. तिसरी बारीक ‘रिमोट’ तार मात्र केवळ निरोप्या आहे. रेडिओ सुरू होतांच ती सुमारें १२ व्होल्टांचा दाब पोंचवून ध्वनिवर्धकास जागें करते व रेडिओ बंद होतांच त्यास निजविते. तिच्यांतून सामान्यतः अँपिअरच्या कांहीं सहस्रांशांइतकाच प्रवाह वाहतो.

ही तार सदैव जिवंत असलेल्या तारेस जोडल्यास ध्वनिवर्धकास झोंपच मिळत नाहीं. समजा, नुसता जागा राहून तो १ अँपिअर प्रवाह घेतो व बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे. शुक्रवारीं रात्रीं ९ वाजतां मुलुंडला उभी केलेली मोटार रविवारीं सकाळीं ८ पर्यंत पूर्ण रिती होईल, आणि इंजिन फिरविण्याची शक्ति तर त्याच्या कितीतरी आधींच जाईल. मध्यरात्रीं रुग्णास न्यावयाचें असल्यास हा शौक महाग पडेल.

निरोप्याच्या डोक्यावर ओझें देणें, ही दुसरी चूक. पंखा किंवा दिवे याच तारेवर चालविल्यास रेडिओचा आंतील भाग जळूं शकतो. अशा वेळीं रिले वापरावा: निरोप त्याच्या वेटोळ्यास द्यावा व भार स्वतंत्र फ्यूजमधून आलेल्या तारेनें वाहावा.

बाजारांतील बहुतेक रेडिओंची ही तार निळी, पांढऱ्या रेघेची असते. परंतु रंगापेक्षां मीटरवर विश्वास ठेवावा. रेडिओ सुरू असतां १२ व्होल्ट व बंद असतां शून्य दिसलें पाहिजे. मूळ रेडिओस अशी तार नसल्यास, किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजपासून, स्वतःचा १ अँपिअरचा फ्यूज घालून ती घ्यावी. एअरबॅगच्या, बहुधा पिवळ्या वेष्टनाच्या, तारांना हात लावूं नये.

तार ओळखल्यावर बॅटरीचें ऋण टोंक सोडवावें, मगच जोड करावा. पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना रबरी कडें घालावें. नाहींतर पत्र्याची धार वेष्टन कापते आणि तार सांगाड्यास टेकून तापते. लाल तारेचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरांच्या आंत असावा. कारण फ्यूज आधीं तारेचें रक्षण करतो, यंत्राचें नंतर.

उपनगरांत पाण्याचाही विचार हवा. २६ जुलै २००५ रोजीं सुरू झालेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अंधेरीच्या भुयारी मार्गांत तर दर पावसाळ्यांत पाणी सांचतें. म्हणून जोड गालिच्याखालीं न ठेवतां उंच ठेवावा व त्यावर उष्णतेनें आंवळणारी नळी चढवावी. उघडें तांबें ओलाव्यानें हिरवें पडतें, आणि मग निरोप कधीं पोंचतो, कधीं पोंचत नाहीं.

शेवटीं किल्ली काढून, रेडिओ बंद करून, ध्वनिवर्धकाचा दिवा विझला कीं नाहीं तें पाहावें. तो विझल्यावांचून काम पुरें झालें असें समजूं नये.