टाळेबंदीत मुलं खचली, पण दारूकडे वळली का?

मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली, तेव्हा अनेकांनी सरळ हिशेब मांडला होता : मुलं एकटी पडणार, खचणार आणि मग दारू-सिगारेटला लागणार. यातलं खचणं खरं ठरलं. पुढचं बहुतांशी चुकलं.

याचा चोख पुरावा आइसलँडकडे आहे. किशोरवयीनांची व्यसनं हा तिथे जुना काळजीचा विषय. 1998 मध्ये 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलांनी महिनाभरात एकदा तरी झिंगेपर्यंत दारू प्यायल्याचं सांगितलं होतं. खेळ, छंद आणि पालकांची जागरूकता यांवर जोर देऊन 2016 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. दरम्यान शाळाशाळांतून सर्वेक्षणं होत राहिली, त्यामुळे महासाथीच्या ‘आधी’चे आकडे हाताशी होते. 2016, 2018 आणि 2020 मधले 13 ते 18 वयाच्या मुलामुलींचे जवळपास 60 हजार प्रतिसाद संशोधकांनी ताडून पाहिले. नैराश्याची लक्षणं वाढली होती, मुलींमध्ये जास्तच. पण 15 ते 18 वयोगटात सिगारेट, व्हेपिंग आणि झिंगेपर्यंत पिणं, तिन्ही घटलं होतं!

कोड्याचं उत्तर फार खोल नसावं. या वयातलं पिणं दुःख बुडवण्यासाठी असतं त्याहून जास्त टोळक्यासाठी असतं. टोळकं नाही, पार्टी नाही, बाटली आणून देणारा मोठा मित्र नाही; वर आईबाप दिवसभर घरात. अमेरिकेतही दहावीच्या वर्गातल्या, वर्षभरात दारू घेतलेल्या मुलांचं प्रमाण 2020 मधल्या 41 टक्क्यांवरून 2021 मध्ये 28.5 वर उतरलं.

मात्र सरासरीवर भाळू नये. कॅनडातल्या 1,054 किशोरवयीनांच्या पाहणीत बहुतेक व्यसनी पदार्थ घेणारे कमी झाले, पण दारू पिणारे अधिक वेळा पिऊ लागले. व्यसनी पदार्थ घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ते एकट्याने घेतले होते, आणि एकट्याने घेण्याचा संबंध नैराश्याशी व कोविडच्या भीतीशी दिसला. खरी काळजी करायची ती या मुलांची. ‘किती जण घेतात’ एवढंच विचारणाऱ्या सर्वेक्षणात ती दिसतही नाहीत.

अमेरिकेत तर वापर घटत असतानाच मृत्यू वाढले. 14 ते 18 वयोगटात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने 2019 मध्ये 492 जण दगावले होते. 2020 मध्ये 954, आणि 2021 साठीचा अंदाज 1,146. घेणारे वाढले नव्हते, माल जास्त घातक झाला होता. औषधासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांमध्ये फेंटानिल हे अतितीव्र वेदनाशामक मिसळलं जात होतं, आणि त्याचे दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात.