कच्चे दर लाल, पक्के दर काळे

कोटेशन आता बहुतेक व्यापारी बांधव संगणकावरच करतात. जुनी फाईल उघडायची, गिऱ्हाईकाचे नाव बदलायचे, दर बदलायचे आणि पाठवून द्यायचे. घोटाळा येथेच होतो. आमच्याकडून एकदा प्लायवुडचा जुना दर तसाच राहिला, आणि लिहून दिले म्हणून त्याच भावात कपाटे करून द्यावी लागली. तेव्हापासून पक्का न झालेला प्रत्येक दर आम्ही लाल अक्षरात ठेवतो.

लाल रंग माऊसनेही देता येतो. पण तो कोठे कोठे दिला हे कोण लक्षात ठेवणार? त्यासाठी वर्डमध्ये ‘स्टाईल’ बनवावी. कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि एस एकदम दाबले की स्टाईल्सची पट्टी उघडते. तिच्या तळाशी ‘न्यू स्टाईल’चे बटण आहे. नाव ‘कच्चा दर’ द्यावे. प्रकार मात्र ‘कॅरेक्टर’च निवडावा, ‘पॅराग्राफ’ राहिला तर एका आकड्यापायी अख्खा मजकूर लाल होऊन बसतो. रंगासोबत अक्षर ठळकही करावे. साध्या काळ्या प्रिंटरवर लाल रंग करडा उमटतो, शिवाय काही माणसांना लाल-हिरव्यातला फरकच दिसत नाही.

तेथेच ‘फॉरमॅट’मधून ‘शॉर्टकट की’ घ्यावी, कंट्रोल-शिफ्ट-९ दाबावे आणि ‘असाइन’ करावे. ही जोडी दुसऱ्या कामाला दिलेली असेल तर वर्ड तसे दाखवतो. मग दुसरी शोधावी.

आता दर निवडून या कळा दाबल्या की तो लाल. भाव ठरला की पुन्हा निवडून कंट्रोल आणि स्पेसबार. अक्षर पूर्ववत काळे. (हाताने केलेले ठळक वा तिरके रूपही त्यात जाते.)

खरी कमाई पाठवतेवेळी आहे. पट्टीतील ‘कच्चा दर’वर माऊसचे उजवे बटण दाबून ‘सिलेक्ट ऑल’ घ्यावे. चाळीस कलमांच्या यादीत उरलेले सगळे कच्चे दर एकदम उठून दिसतात. एकही सापडला तर कागद पाठवू नये, आधी मालवाल्याला फोन करावा.

लिबरऑफिस फुकट मिळते, त्यातही हे जमते. एफ-११ ने स्टाईल्स उघडतात आणि कळा ‘टूल्स’मधील ‘कस्टमाईझ’मध्ये नेमता येतात. मोबाईलवरच कोटेशन करणाऱ्यांनी एवढी तयारी एकदा संगणकावर बसूनच करून घ्यावी.